मैदानावरचें मूल आणि कॅमेऱ्याचा डोळा

शाळांच्या वार्षिक खेळांचा हंगाम पौषांतल्या थंडीबरोबर येतो. त्या दिवसांत कोणत्याहि शाळेच्या मैदानाच्या कडेला घटकाभर उभें राहिलें, तर एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. मैदानांत मुलें धावत असतात. आणि कडेला आई, बाप, मामा, आत्या, आजोबा असे सर्व जण हात उंचावून उभे असतात. हे हात टाळ्यांसाठीं वर झालेले नसतात. प्रत्येक हातांत एक मोबाईल असतो आणि प्रत्येक चेहरा त्याच्या आड झालेला असतो. शर्यत संपवून धापा टाकीत आलेलें मूल गर्दींत आईचे डोळे शोधूं लागतें, आणि त्याला दिसते ती एका यंत्राची पाठ.

हा देखावा पाहून थट्टेचे चार शब्द लिहावे, एवढाच आमचा पूर्वीं विचार होता. परंतु गेल्या हंगामांत खुद्द आमच्या घरांत जें घडलें, त्यामुळें थट्टेची इच्छा मावळली. ज्या घरांत मुलेंहि पुष्कळ आणि मोबाईलहि पुष्कळ, अशा एकत्र कुटुंबांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणारच. म्हणून या महिन्याच्या चर्चेस आम्हीं तोच विषय घेतला आहे.

आमची पुतणी तेरा वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून ती दोरीच्या मल्लखांबाचा सराव करते. गेल्या पौषांत शाळाशाळांच्या स्पर्धेंत तिचा खेळ इतका सफाईदार झाला कीं, पंचांनींहि माना डोलावल्या. तो खेळ आम्हीं आमच्या मोबाईलवर टिपला. आणि घरीं पोहोंचण्याच्या आधींच, रिक्षांत बसल्या बसल्या, आमच्या कुळांतील ऐंशीं-नव्वद माणसांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडून दिला. सोबत मुलीचें नांव लिहिलें, शाळेचें नांव लिहिलें, आणि ती रोज सायंकाळीं कोठें व किती वाजतां सरावास जाते, हेंहि कौतुकानें लिहिलें. हें सर्व आम्हीं केलें, दुसऱ्या कोणीं नव्हे. अभिनंदनांचा पाऊस पडला. गटांतील कोणा सोयऱ्यानें, आमच्याइतक्याच निर्मळ हेतूनें, तीच चित्रफीत फेसबुकावर सर्व जगास दिसेल अशी लावली.

तीन आठवड्यांनीं वर्गांतल्या एका मैत्रिणीनें पुतणीला एक तुकडा दाखविला. कोणा अनोळखी इसमानें आमची चित्रफीत उतरवून घेऊन तिची काटछांट केली होती आणि खालीं असे शब्द लिहिले होते कीं, ते येथें देण्याची आमची इच्छा नाहीं. चित्र एकहि खोटें नव्हतें. मुलीच्या अंगावर स्पर्धेचा नेहमींचा पोषाख होता. आणि तरीहि त्या तुकड्यांत मल्लखांब उरला नव्हता. त्या सायंकाळीं मुलगी सरावाला गेली नाहीं. दुसऱ्या दिवशींहि गेली नाहीं.

रात्रीं घरांत बैठक बसली. मुलीच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, निर्णय सांगितला : "खेळ बंद. मुलीची जात आहे, उगाच बोभाटा कशाला ?" वहिनी गप्प होत्या. आम्हीहि गप्प होतों, कारण मूळ अपराध आमचा. बोलली ती मुलगीच. आजीकडे वळून ती म्हणाली, "आजी, दोर चढलें मी, चोरी केली दुसऱ्यानें, आणि घरीं बसायचें तें मीं ?" आमच्या मातोश्रींचें वय ब्याऐंशीं. त्या शांतपणें म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याची रीत या घरांत नाहीं." आणि मग आमच्याकडे पाहून पुढें म्हणाल्या, "तूं आधीं तें तुझें यंत्र खालीं ठेवायला शीक."

मातोश्रींच्या या दोन वाक्यांत सर्व विषय आला आहे. कॅमेऱ्यामुळें मुलांच्या खेळावर बंधन यावें कीं मुलांच्या खेळासाठीं कॅमेऱ्यावर बंधन यावें, हा खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो तें पाहूं, आणि कायदा जेथें थांबतो तेथून पुढें कुटुंबाचें कर्तव्य काय, त्याचा विचार करूं.

प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. छायाचित्रणाच्या पहिल्या पिढींत मनुष्यास स्टुडिओंत जाऊन निश्चल बसावें लागे. म्हणजे ज्याचें चित्र त्याची संमति ही त्या क्रियेंतच अंतर्भूत होती. १८८८ सालीं ईस्टमन यांचा हातांत धरावयाचा 'कोडॅक' कॅमेरा बाजारांत आला आणि ती संमति अनावश्यक झाली. अवघ्या दोन वर्षांनीं, १८९० सालीं, वॉरन व ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन कायदेपंडितांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत खाजगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. क्षणांत निघणारीं छायाचित्रें आणि धंदेवाईक वृत्तपत्रें यांनीं घराच्या उंबऱ्याआंत पाऊल टाकलें आहे, ही त्यांची मुख्य तक्रार होती. जर्मनींत १८९८ च्या जुलैअखेर बिस्मार्क मरण पावला, तेव्हां दोन छायाचित्रकार रात्रीं त्याच्या निजण्याच्या खोलींत शिरले आणि मृताचें चित्र घेऊन तें विकावयास निघाले. त्या प्रकरणानें देशभर जो संताप झाला, त्याचें एक फळ म्हणून १९०७ सालीं तेथें कायदा झाला. चित्रांतील व्यक्तीच्या संमतीवांचून तिचें चित्र प्रसृत करूं नये, हा त्यांतील मुख्य नियम. आणि सभा, मिरवणुकी यांसारख्या समुदायाच्या चित्रांस त्यांत सूट. हा नियम आजहि तेथें चालू आहे.

समुदाय आणि व्यक्ति यांमधला हा भेद आमच्या विषयाचा गाभा आहे. तो कॅनडांतील एका खटल्यांत फार स्वच्छपणें मांडला गेला. १९८८ सालीं माँट्रियल येथील एका कलाविषयक नियतकालिकांत सतरा वर्षांच्या एका मुलीचें चित्र छापलें गेलें. ती रस्त्याकाठच्या एका इमारतीच्या पायरीवर बसली होती. चित्रांत अश्लील कांहीं नव्हतें, मजकुरांत बदनामी नव्हती, जागा सार्वजनिक होती. परंतु तिला कोणीं विचारलें नव्हतें, आणि शाळासोबत्यांनीं तें चित्र पाहून तिची टर उडविली. तिनें दावा लावला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९९८ सालीं तेथील न्यायाधीशांनीं पांच विरुद्ध दोन अशा मतांनीं तिचा पक्ष मान्य करून दोन हजार डॉलरांची भरपाई कायम केली. रक्कम लहान, परंतु तत्त्व मोठें. गर्दीच्या चित्रांत, उदाहरणार्थ खेळाच्या मैदानावरील प्रेक्षकांच्या चित्रांत, एखाद्याचा चेहरा सहज आला तर त्यास तक्रार करतां येणार नाहीं. पण त्याच एका व्यक्तीला चित्राचा विषय करून तें प्रसिद्ध करावयाचें, तर सामान्यतः तिची संमति हवी, असा त्या निकालाचा आशय आहे. क्युबेक प्रांताच्या हक्कांच्या सनदेवर तो आधारलेला आहे, आणि सर्व देशांत असा कायदा नाहीं. अमेरिकेंत सार्वजनिक जागीं चित्र घेण्याचें स्वातंत्र्य याहून पुष्कळच मोकळें आहे. इंग्लंडांतहि रस्त्यावर चित्र घेण्यास सरसकट मनाई नाहीं. तथापि लेखिका राउलिंग यांच्या, बाबागाडींतून नेल्या जाणाऱ्या तान्ह्या मुलाचें चित्र लांब पल्ल्याच्या भिंगानें चोरून घेतलें गेलें, तेव्हां २००८ सालीं तेथील अपील न्यायालयानें असें ठरविलें कीं, मुलाला त्याचा स्वतःचा, आईबापांच्या प्रसिद्धीहून निराळा, खाजगीपणा असूं शकतो आणि तो भर रस्त्यावरहि असूं शकतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सार्वजनिक मैदानावर कोणाचें चित्र घेणें हा आपल्याकडे स्वतःच गुन्हा नाहीं, मग तें मूल असो वा प्रौढ. हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ पालकांची समजूत याच्या उलट असते. इतकेंच नव्हे, तर १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें छायाचित्राचा कर्ता हा छायाचित्रकारच मानला जातो. आपल्या मुलाचें चित्र म्हणून तें आपल्या मालकीचें, असें होत नाहीं. मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून चित्र काढविलें असेल आणि उलट करार नसेल, तर मालकी काढविणाराकडे जाते. म्हणजे शाळेनें छायाचित्रकार नेमला असेल तर बहुधा शाळेकडे.

परंतु घेण्याची मुभा म्हणजे वाटेल तसें घेण्याची व वाटेल तेथें लावण्याची मुभा नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारांतील सोळावें कलम मुलाच्या खाजगीपणास संरक्षण देतें, आणि भारतानें तो करार १९९२ सालीं स्वीकारला आहे. फौजदारी कायद्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ ई हें कलम आहे : कोणाच्याहि गुप्त अवयवांचें चित्र संमतीवांचून घेणें किंवा पाठविणें यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. पोहण्याच्या तलावांतील कपडे बदलण्याच्या खोल्यांस हें कलम थेट लागू पडतें. त्याच कायद्याचें ६७ ब हें कलम मुलांस अश्लील किंवा असभ्य रीतीनें दाखविणारें चित्र तयार करणें, पसरविणें, इतकेंच काय पण उतरवून घेणें, हाहि गुन्हा मानतें. पहिल्याच अपराधास पांच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. मूळ चित्र निर्दोष असलें, तरी काटछांट करून त्यास असभ्य रूप देणारा या कलमाच्या कक्षेंत येऊं शकतो, असें आमच्या स्नेही वकिलांनीं आम्हांस समजावून दिलें. २०१२ च्या पोक्सो कायद्यानें, म्हणजे बालकांस लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानें, दुष्ट हेतूनें मुलाचा वारंवार पाठलाग करणें किंवा त्याच्यावर सतत नजर ठेवणें हाहि दंडनीय अपराध केला आहे; आणि या कायद्याखालीं बालक म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीहि, मुलगा असो वा मुलगी.

या कायद्याची एक बाजू सभ्य माणसांनीं विशेष लक्षांत ठेवावी. मुलांविषयींचें असें अश्लील चित्र कोणीं पाठविलें, तर 'पहा, जग कसें आहे' म्हणून तें दुसऱ्यास सावध करण्यासाठींहि पुढें पाठवूं नये. तक्रार करणें किंवा न्यायालयांत पुरावा म्हणून देणें, एवढेच अपवाद कायदा मानतो. सप्टेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तर अशी सामग्री जवळ बाळगण्याविषयीं आणि पाहण्याविषयींहि फार कडक अर्थ लावला. आमच्या घरींच दोघे तिघे तो तुकडा 'पुराव्यासाठीं' एकमेकांस धाडूं लागले होते. त्यांस वेळींच थांबवावें लागलें.

शाळा, क्रीडामंडळें आणि शिकवणी देणाऱ्या अकादम्या यांच्यावर आतां आणखी एक जबाबदारी येत आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती, आणि ओळख पटेल असें चित्र ही माहितीच होय, वापरण्यापूर्वीं पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति मागितली आहे. मुलांसंबंधींचीं कर्तव्यें मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा दोनशें कोटी रुपये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. याच कायद्यानें घरगुती वापरास मात्र सूट दिली आहे. आजोबांनीं नातवाची शर्यत टिपून स्वतःजवळ ठेवली, तर कायदा त्यांच्या दारांत येत नाहीं. पण ऐंशीं-नव्वद जणांचा गट हें घर होय काय ? आणि तेथून जी गोष्ट फेसबुकावर गेली, ती घरगुती राहिली काय ? आमच्या स्वतःच्या अपराधाचा विचार करतांना हा प्रश्न आम्हांस वारंवार टोंचत राहिला.

येथें कायद्याची हद्द संपते आणि विवेकाची सुरू होते. मल्लखांबासारख्या खेळाचा विचार करा. पेशवाईच्या उत्तरार्धांत बाळंभट्ट देवधरांनीं या विद्येस नवें जीवन दिलें. पुरुषांची मानलेली ही कला मुलींनीं दोरीवर आपलीशी केली, ही आपल्या समाजास भूषणावह गोष्ट आहे. या खेळाचा पोषाख अंगासरसा असतो, कारण सैल वस्त्र दोरींत अडकून जीव धोक्यांत येईल. त्यांतील प्रत्येक आसन हें आधीच्या आसनांतून येतें आणि पुढच्यांत विरतें. त्याचा अर्थ त्या प्रवाहांत आहे. समोर बसलेला प्रेक्षक तो प्रवाह पाहतो. यंत्र मात्र त्यांतील एक निमिष उचलून गोठवूं शकतें, आणि गोठलेल्या निमिषास खेळाडूच्या कौशल्याशीं कांहींच कर्तव्य राहत नाहीं. हीच गोष्ट पोहणें, उंच उडी व जिम्नॅस्टिक्स यांची. २०२१ च्या एप्रिलांत बाझेल येथील युरोपीय स्पर्धेंत जर्मन जिम्नॅस्ट सारा फोस ही घोट्यापर्यंत अंग झांकणारा पोषाख घालून उतरली, आणि त्याच वर्षीं टोकियोच्या ऑलिंपिकांत तिच्या सगळ्या संघानें तसें केलें. आपल्या खेळाकडे खेळ म्हणून पाहिलें जावें, ही त्यांची मागणी होती. त्या प्रौढ होत्या, त्यांस आपला निर्णय करतां आला. तेरा वर्षांच्या मुलीचा निर्णय कोण करणार ?

एकत्र कुटुंबांत या प्रश्नाचें उत्तर अवघड होतें. घरांतील मूल सर्वांचें, हें आपल्या कुटुंबपद्धतीचें मोठें सौख्य आहे. काकानें खाऊ द्यावा, आत्यानें कान पिळावा, आजोबांनीं पाढे घ्यावे, यांत कोणाची परवानगी कोण मागतो ? त्याच सवयीनें आम्हीं मुलीची चित्रफीत पाठविली. ना वहिनींस विचारलें, ना मुलीस. फ्रान्सनें फेब्रुवारी २०२४ मध्यें याच बाबतींत कायदा केला. मुलाच्या प्रतिमेचें रक्षण आईबापांनीं मिळून करावें आणि वय व समज पाहून मुलासहि त्या निर्णयांत घ्यावें, असें त्यांत म्हटलें आहे. आमच्या मतें आपल्या घरांस यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. "बाळ, हें पाठवूं का ?" हा प्रश्न विचारण्यास कितीसा वेळ लागतो ? आणि मूल 'नको' म्हणालें, तर त्या 'नको'ला कारण मागूं नये.

लौकिक हासुद्धां मुलाला ओझें होऊं शकतो, हेंहि विसरतां कामा नये. जानेवारी २०१६ मध्यें कल्याण येथें पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे यानें शालेय सामन्यांत नाबाद १००९ धावा केल्या. शालेय क्रिकेटांत कधीं न झालेला पराक्रम. त्याचें चित्र जगभर गेलें तें योग्यच झालें. पण एका रात्रींत साऱ्या जगाची नजर त्या मुलावर खिळली, आणि पुढें खेळ मंदावला तेव्हां, २०१७ सालीं, त्याच्या वडिलांनींच क्रिकेट संघटनेनें दिलेली शिष्यवृत्ति थांबवावी अशी विनंती केली. आणि त्याच सामन्यांत दुसरीहि अकरा मुलें होतीं, हें किती जणांस आठवतें ? त्यांचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. विजेत्याचें चित्र घेतांना त्यांत हरलेलें मूलहि येतें. शर्यतींत पडलेलें, झेल सोडलेलें, रडणारें. तें आपलें नसतें म्हणून आपल्यास दिसत नाहीं, एवढेंच.

इतकें लिहिल्यावर कोणी म्हणेल कीं, मग मैदानावर कॅमेरा बंदच कां करूं नये ? आम्हांस तें मान्य नाहीं. १९८८ सालीं आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यांत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. त्यांचीं नांवें वृत्तपत्रांनीं छापलीं नसतीं तर तो अन्याय झाला असता. आज गुरु शिष्याची चूक चित्रफितीवर दाखवून सुधारतात. परदेशीं असलेले आजोबा नातीचा खेळ पाहून डोळे पुसतात. एखादा शिक्षक मुलावर हात उगारतो, तेव्हां कडेच्या पालकाचा मोबाईलच साक्षीदार ठरतो. मैदान बंदिस्त केलें, तर दुष्टांबरोबर हे सर्व चांगले डोळेहि बाहेर राहतील. शिवाय संशयाचा अतिरेक हीहि एक व्याधि आहे. कडेला उभा असलेला अनोळखी गृहस्थ बहुधा कोणाचा तरी मामाच असतो. त्याचा मोबाईल हिसकावण्याचा किंवा त्याच्यावर हात टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिलेला नाहीं. सभ्यपणें विचारावें, आयोजकांस सांगावें. संशय बळावला तर पोलिसांस बोलवावें.

मग करावें काय ? आमच्या घरांत झालेल्या चर्चेतून जें निघालें, तें वाचकांपुढें ठेवतों.

आयोजकांविषयीं प्रथम. शाळेचें आवार हें शाळेच्या ताब्यांत असल्यामुळें प्रवेशाच्या अटी घालण्याचा तिला अधिकार आहे. उघड्या सार्वजनिक मैदानावर तो तितका नाहीं. म्हणून आवारांत होणाऱ्या स्पर्धेंत अधिकृत छायाचित्रकार नेमून त्यास बिल्ला द्यावा, पोहण्याच्या तलावाशीं व कपडे बदलण्याच्या जागीं मोबाईल सर्वथा बंद ठेवावे, आणि प्रवेशाच्या अर्जावरच पालकांस स्वच्छ विचारावें कीं, चित्र कोठें लागणार, किती दिवस राहणार, आणि नको असेल तर कोणास सांगावयाचें. नकार देणाऱ्या मुलास खेळांतून वगळूं नये. इंग्लंडांतील क्रीडासंस्था एक साधा नियम पाळावयास सांगतात, तो आपणहि घ्यावा : चित्र असेल तेथें मुलाचें पूर्ण नांव नको, आणि नांव असेल तेथें चित्र नको. सरावाची जागा व वेळ तर कधींच नको. जेथें पराक्रमच बातमी आहे, तेथें पालकांस आणि मुलास विचारून अपवाद करावा.

घरापुरते नियम याहून सोपे आहेत. आपल्या मुलाचें चित्र घेतांना दुसऱ्याचें मूल चौकटींत येत असेल, तर तें चित्र घरांतच ठेवावें. पाठवावयाचें तें ज्याचें नांव घेऊन पाठवतां येईल अशा माणसास पाठवावें, गटास नव्हे. आणि कांहीं विपरीत घडलेंच, तर मुलास दटावूं नये. दुव्याची व वेळेची नोंद ठेवावी, तुकडा पुढें न धाडतां राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलावर किंवा पोलीस ठाण्यांत तक्रार द्यावी, आणि त्या त्या संकेतस्थळासहि कळवावें; अशी सामग्री काढून टाकण्यासाठीं त्यांस कायद्यानें तासांत मोजली जाणारी मुदत घालून दिलेली आहे. मुलांसाठीं १०९८ ही मदतवाहिनी अहोरात्र चालू असते.

आमच्या प्रकरणांत तक्रारीनंतर तो तुकडा काढला गेला. त्याच्या नकला आणखी कोठें असतील, हें कोण सांगणार ? तें शल्य आमच्या मनांतून जाणार नाहीं, आणि जाऊं नये. वडील बंधूंनीं आपला निर्णय मागें घेतला, तो मातोश्रींच्या शब्दासाठीं कीं मुलीच्या प्रश्नासाठीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं; आम्हींहि विचारलें नाहीं. आम्हीं मात्र पुतणीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, पुढच्या वेळीं नुसते बघायला या."

चैत्रांत तिची पुन्हा स्पर्धा होती. लहानपणीं आम्ही बाहेर निघालों कीं मातोश्री गालावर काजळाची तीट लावीत, नजर लागूं नये म्हणून. त्या दिवशीं निघतांना त्यांनीं आमच्यापुढें तबक धरलें आणि आम्हीं मोबाईल त्यांत ठेवला. खेळ किती वेळ चालला तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. एवढें आठवतें कीं, दोर सोडून ती खालीं आली आणि तिनें गर्दीकडे पाहिलें, तेव्हां तिला आमचा चेहरा दिसला.

या विषयीं आपापल्या घरीं व शाळेंत काय अनुभव आले, तें आमच्या वाचक बंधुभगिनींनीं अवश्य लिहून कळवावें. पत्रांत मुलांचीं नांवें व शाळांचीं नांवें मात्र घालूं नयेत, ही विनंति.